किल्लीवालीचा निरोप

त्या राज्यात नगारा वाजू लागला की घरं आतून अडसर लावत. रीत जुनी होती. संकटात डोंगरावरची कोठारं उघडायची, गुळाच्या ढेपा रस्त्यांवर आणायच्या आणि संकटाशी लढायला धावणाऱ्यांसाठी राखायच्या. तोवर घरांनी उपाशी राहायचं.

संकट टळलं की किल्लीवाली निघे. ती दारं उघडत असे, गूळ घराघरांत जाई. मग ती बुरुज चढून नगारच्याला सांगे, "जेवली सगळी." तेवढं ऐकून तो टिपऱ्या खाली ठेवी. बुरुजावरून त्याला घरांच्या आतलं दिसत नसे. त्याचा सगळा विसावा तिच्या शब्दावर होता.

एके सकाळी वरच्या महालातून निरोप आला, "रोज येणारं माणूस आलं नाही." नगारच्याने टिपऱ्या उचलल्या. शत्रू कोण, कुठून येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो गेला असंही कुणी सांगू शकेना. नगारा वाजतच राहिला.

रस्त्यांवर गूळ साचला, पाझरू लागला. त्या चिकट्यातून पाय ओढत किल्लीवाली दारोदार फिरली. किल्ली फिरे, पण आतला अडसर हलेना. तिने आपल्या सगळ्या किल्लीवाल्या बहिणींना बोलावून घेतलं. एकेका दारावर थापांचा पाऊस पडू लागला.

"मावशी, पुरे की आता!" एका घरातून बाई ओरडली. "वर तो बडवतोय, खाली तुम्ही. लेकरं दचकतात."

"लेकरं उपाशी आहेत गं. उघड, उंबऱ्याशीच गूळ पडलाय."

"नगारा थांबू दे, मग उघडते."

"तू उघडल्याशिवाय तो थांबायचा नाही, बाई."

आतून दुसराही अडसर लागल्याचा आवाज आला.

किल्लीवाली बुरुजाकडे धावली. खोटंच सांगायचं तिने ठरवलं; नगारा थांबला तर दारं उघडतील, लेकरं वाचतील. पण बुरुजाचं दारही आतून बंद होतं. तिने खालूनच हाक दिली, "दादा, जेवली सगळी!"

नगाऱ्याच्या घुमण्यात शब्द विरून गेले. खाली कुणीतरी ओरडतंय, एवढंच नगारच्याला कळलं. ओरडतंय म्हणजे संकट जवळ आलं. त्याने ठोका वाढवला.

तेवढ्यात राज्याच्या टोकाला आभाळ फाटलं. लखलखती सुई आत आली आणि परत गेली. तिने पाडलेल्या छिद्रातून रस्ताच लाल थेंब होऊन बाहेर पडला.

"वहिनी, साखर कालच्याहून चढलीय," बाहेर, बोटातला थेंब तपासून नणंद म्हणाली. "गोळ्या वाढवूनसुद्धा. झोपता तरी का?"

"पडून असते." वहिनींनी बोटावर कापूस धरला.

खाली गल्लीत एक स्कूटर थांबली. रोज घरी येणारी तीच वाटून वहिनी ताडकन उठल्या. कापूस जमिनीवर पडला. स्कूटर शेजारच्या फाटकात शिरली, तिचा आवाज बंद झाला. वहिनी दाराकडे बघत उभ्याच होत्या, आणि बोटावर दुसरा थेंब जमत होता.