दुपट्याच्या पोटातला घास

टण्ण करून पितळी डब्याचं झाकण मंजुळेच्या हातून निसटलं, चुलीपुढच्या फरशीवर गरगर फिरलं आणि हळूहळू आवाज बारीक करत आडवं झालं.

सहा महिन्यांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. राही भाकरीसुद्धा हलक्या हातानं थापत असे, कुणी निजलेलं असावं तशी. तिनं वळून पाहिलं. तिचा सुयादोऱ्यांचा डबा उघडा पडला होता आणि पाच वर्षांची मंजुळा तोंडात बोट घालून उभी होती.

"ठेव तो," राही म्हणाली. "तुला कितीदा सांगितलंय?"

"मी नुसतं बघत होते."

त्या वर्षी निवांतबाबा महाराजांचा मुक्काम निंबखिंडीला होता. महाराज एका गावी फार दिवस राहत नसत. चार महिने झाले की झोळी उचलून पुढच्या वाटेला लागत. पण निंबखिंडीत ते आषाढात आले आणि पौष लागला तरी हलले नाहीत. भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत राहायचं, सकाळी पाच घरी भाकरी मागायची, ती वाटेत भेटेल त्याच्याबरोबर खायची. लोक विचारत, "महाराज, यंदा इथंच का?" महाराज म्हणत, "एक काम राहिलंय."

त्या पाच घरांत शेवटचं घर राहीचं. शिंप्याची ही सून. नवरा सोपान आठवड्याचे बाजार फिरून शिवलेले कपडे विकायचा आणि राही घरी बाळांची दुपटी शिवायची. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी एकावर एक अंथरायची आणि बारीक धावदोरा घालत कडेकडेनं आत यायचं. तिच्या हातचं दुपटं लोण्यासारखं लागे. गावातली निम्मी पोरं त्यात वाढली होती.

दुपट्याची तिथं एक रीत होती. शिवण संपत आली की एक कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा कण घालायचा आणि मग तो शिवून टाकायचा. त्याला दुपट्याचं पोट भरणं म्हणत. दुपटं उपाशी ठेवायचं नाही. त्याचं पोट भरलेलं असलं की त्यात निजणारं लेकरू सुखी राहतं. बायका हे हसत हसत सांगायच्या, पण पाळायच्या मात्र सगळ्या.

राहीचं दुसरं बाळ आषाढातल्या झडीत महिनाभर आधीच आलं. मुलगा होता. त्याच्यासाठी ती आपल्या आईच्या लुगड्याचं दुपटं शिवत होती. तीन कोपरे झाले होते, चौथा उघडाच होता. पोर एवढंसं, चिमणीच्या पिल्लासारखं, थरथरणारं. पोट भरायला वेळ कुठला? तिनं त्याला तसंच त्यात गुंडाळलं. नवव्या दिवशी ते गार झालं.

मग पाणवठ्यावर कुणीतरी बोललं, "उपाशी दुपट्यात निजवलं गं तिनं. त्या दुपट्यानंच खाल्लं त्याला." बोलणारी बोलून घागर उचलून गेली. राहीच्या मनात ते राहिलं. तिनं दुपटं पेटीच्या तळाशी घातलं आणि डब्याला झाकण लावलं. तिला पुन्हा कुणी दुपटं शिवायला सांगितलंही नाही.

"राही," दारातून महाराजांनी हाक दिली, "आज डबा वाजला वाटतं?"

राहीनं पदर सावरला. "पोरीनं पाडला, महाराज. भाकरी आणते."

"भाकरी राहू दे. ते दुपटं काढ."

राही चुलीकडंच वळली.

"मंगळवारी इनामदारांकडं नातवाचं बारसं आहे," महाराज म्हणाले. "एकच कोपरा राहिलाय. तोवर होईल तुझ्याच्यानं."

"माझ्या हातचं त्या घरात कोण घेईल? आणि ते... ते त्याचं आहे, महाराज."

महाराज उंबऱ्यावर टेकले. कुणाच्या उंबऱ्यावर ते कधी बसत नसत. "त्याचंच आहे," ते म्हणाले. "म्हणून अर्धवट ठेवू नये."

राहीच्या तोंडून इतके दिवस न निघालेला शब्द तेव्हा निघाला. "मीच मारलं हो त्याला."

महाराजांनी तिला गप्प केलं नाही की समजावलं नाही. झोळीतून त्यांनी बाजरीच्या भाकरीचा तुकडा काढला, त्यातला नखाएवढा कण मोडून तिच्या तळहातावर ठेवला. "हा घाल त्याच्या पोटात," म्हणाले. "आणि मंगळवारी दोघी जा."

राहीनं दुपटं काढलं. उलगडलं तेव्हा त्याला अजून तेलाचा, दुधाचा वास होता. ती बराच वेळ त्यात तोंड घालून बसली. मंजुळा समोर बसून बघत राहिली. मग राहीनं सुई ओवली. तो एक कोपरा शिवायला तिला तीन दिवस लागले.

मंगळवारी इनामदारांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. घरात शब्द चालायचा तो आक्कांचा. कर्तबगार बाई, पण घराण्याचा तोरा भारी. नातवासाठी त्यांनी शहरातून मखमलीची जरीकाठी कुंची आणवली होती. मखमलीला धुराचा वास लागेल आणि पाहुण्यांचे डोळे चुरचुरतील म्हणून बाळंतिणीच्या खोलीतली शेगडीही सकाळीच बाहेर काढायला लावली होती. पौषातला वारा दारांतून आरपार वाहत होता आणि बारा दिवसांचं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं.

राहीनं पाटावर आपलं दुपटं ठेवलं.

"हे काय गं?" आक्कांनी विचारलं.

"दुपटं आहे, आक्का. बाळाला."

"कुठलं? तेच का?" आक्कांचा आवाज चढला. "अगं, एक पोर ज्यात गार झालं त्यात दुसरं घालू होय मी? काही जनाची नाही तर मनाची?"

"महाराजांनी सांगितलं म्हणून..."

"त्यांचं काय जातंय सांगायला? ना लेक, ना सून. भाकऱ्या मागायच्या आणि ओवरीत पडायचं." कुणीतरी फिसकन हसलं, तशा आक्का आणखी रंगात आल्या. "मखमल लेवून बसलंय माझं पोर, त्याला चिंध्या कशाला? परवा गाय व्यायलीय. टाक जा वासराच्या अंगावर."

आतल्या खोलीत बाळंतीण सुभद्रा सगळं ऐकत होती. सासूपुढं तिचं काही चालत नव्हतं.

राहीनं दुपटं उचललं. ती खरंच गोठ्यात गेली. दोन दिवसांचं वासरू कुडकुडत होतं. तिनं दुपटं त्याच्या पाठीवर घातलं, कडा पोटाखाली दाबल्या आणि गायीच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मान तेवढी ताठ राहत नव्हती.

"आई, घुगऱ्या?" मंजुळेनं विचारलं. बारशाच्या घुगऱ्या घेतल्याशिवाय पोर हलेना. म्हणून दोघी मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. मंजुळेच्या परकराच्या ओच्यात कुणीतरी ओंजळभर घुगऱ्या टाकल्या, आणि तेवढ्यात आतून सुभद्रेचा आवाज आला.

"आक्का, हा दूध ओढत नाही. आक्का, ह्याचे पाय बघा."

आक्का धावल्या. बायका धावल्या. बाळ रडायचं केव्हाच थांबलं होतं. शहाणं पोर आहे म्हणून मघापासून सगळ्या कौतुक करत होत्या. कुंचीच्या जरीखाली त्याचे ओठ जांभळे पडले होते. शेगडी आणा, शाल आणा, वैद्यबुवांना बोलवा, असा एकच गलका झाला. वैद्यबुवा परगावी गेलेले. शालींवर शाली पडल्या, शेगडी पेटली, पण पोराच्या पायांत ऊब येईना.

मागच्या दाराशी राहीला दिसत काहीच नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. त्या गारव्याची ओळख तिच्या तळहातांना होती. तिनं मंजुळेचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, घरी चल." पळून जावं, एवढंच तिच्या मनात होतं.

अंगणात महाराज उभे होते. त्या घराची पायरी ते आजवर चढले नव्हते. राहीकडं न पाहता ते सरळ गोठ्यात गेले, वासराशी दोन शब्द बोलले, त्याच्या पाठीवरचं दुपटं काढून गवताच्या काड्या झटकल्या आणि जाता जाता म्हणाले, "राही, माझ्या मागं ये."

बाळंतिणीच्या खोलीत महाराज शिरले तशी वाट झाली. आक्कांनी दुपटं पाहिलं. "महाराज, ते गोठ्यातलं..." एवढंच त्या बोलू शकल्या.

"राही घालेल ते," महाराज म्हणाले.

राही भिंतीला टेकली. "नको, महाराज. माझ्या हातून नको. हेही गेलं तर मी कुठं जाऊ?"

"गेलं तर मी म्हणेन, मी नेलं. तू हात पुढं कर."

सुभद्रेनंच बाळ उचलून राहीपुढं धरलं. "घ्या हो," ती म्हणाली. "तुम्ही घ्या ह्याला."

मग राहीच्या हातांनी ऐकलं. तिनं शाली बाजूला केल्या. जरीची कुंची सोडवली. तिची ताठ कड पोराच्या मानेला काचली होती. उघड्या अंगाला तिनं आईच्या लुगड्याचं ते मऊ दुपटं लपेटलं, शिवलेला चौथा कोपरा पायांवरून घेऊन पोटाशी खोचला आणि पोराला छातीशी धरलं. डोळे मिटले. तोंडात देवाचं नाव येईना. जे नाव तिनं आपल्या बाळाला ठेवायचं ठरवलं होतं आणि ठेवायचं राहून गेलं, तेच मनात येत राहिलं.



आधी वास आला. तव्यावरून उतरलेल्या बाजरीच्या भाकरीचा, खरपूस. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, कारण चूल तर लांब, परसात होती आणि तिच्यावर साखरभाताचं पातेलं होतं. मग राहीला पोटाशी ऊब लागली. तिला वाटलं आपलीच. पण ती ऊब दुपट्याच्या त्या कोपऱ्यातून येत होती, जिथं महाराजांनी दिलेला कण शिवलेला होता. तिथून ती पोराच्या पायांत गेली, पोटऱ्यांत गेली, छातीत गेली. काय सांगावं, भाविकहो, पोरानं पाय झाडला. ओठ मुडपले. आणि एवढंसं तोंड उघडून असं रडलं की वासरानं गोठ्यातून साद दिली.

सुभद्रेनं त्याला पदराखाली घेतलं. ते दूध ओढायला लागलं तेव्हा तिला हुंदका आवरेना.

आक्का पुढं झाल्या. त्यांनी दुपट्याच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि तव्याला लागावं तसं झटकन मागं घेतलं. मग पुन्हा लावलं, आणि ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या वळून महाराजांच्या पायांशी वाकल्या.

महाराजांनी पाय मागं घेतले. "मी काय केलं? गोठ्यातून इथवर आणलं, एवढंच. पोटच्या लेकराचं दुपटं कुणी दिलं, तिकडं वळा."

भरल्या घरात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, इनामदारांच्या आक्का शिंप्याच्या सुनेपुढं वाकल्या. राही मागं सरली, "आक्का, असं नका करू," म्हणाली, पण आक्कांनी तिची पावलं धरली होती. "माझ्या दोन लेकी अशाच गेल्या गं," त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या. "हे ठाऊक असून मी तुला तसं बोलले." हे त्यांनी त्या घरात आजवर कुणापुढं काढलं नव्हतं. राही खाली बसली. तिनं आक्कांना उठवलं नाही. दोघी तशाच जमिनीवर एकमेकींना धरून राहिल्या.

उन्हं कलली तेव्हा राही मुलीला घेऊन निघाली. दुपटं अर्थात तिथंच राहिलं; बाळ त्यात निजलं होतं. वेशीपर्यंत महाराज बरोबर होते. झोळी त्यांच्या खांद्याला होती. काम झालं होतं, ते पुढच्या गावी निघाले होते.

"महाराज," राहीनं विचारलं, "दुपट्यानं नाही ना नेलं त्याला?"

"नाही, पोरी. दुपट्यानं त्याला नऊ दिवस पांघरलं. तुझ्या हातांनी त्याला नऊ दिवस धरलं. तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं."

"मग कशानं गेला?"

महाराज थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "ते मलाही कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मंजुळेच्या गालाला हात लावला आणि वाट धरली. वळणापलीकडं ते दिसेनासे झाले तरी राही बघत होती.

आत कुठंतरी गाठ सुटली होती. त्या जागी आता नुसतं दुःख होतं, स्वच्छ, दोष नसलेलं. ते घेऊन चालता येत होतं. वारा बोचरा होता. तिनं मंजुळेला पदराखाली घेतलं.

मंजुळा घुगऱ्या खात चालली होती. ओढ्याच्या काठाशी, जिथं चिंचेखाली सोपाननं आषाढात बाळासाठी लहानशी जागा खणली होती, तिथं ती थांबली. ओच्यातल्या घुगऱ्या तिनं मुठीत घट्ट धरल्या. मातीकडं पाहिलं, मग आईकडं.

"आई, दुपटं तर आपण त्या बाळाला दिलं. मग आता आपलं बाळ काय पांघरणार?"