खराट्याची दोरी

झाडं आणि अवजारं माणसांशी बोलायची, त्या काळी डोंगरउतारावर तान्हूबाईची ॲव्होकाडोची बाग होती. तिचा खराटा रोज सकाळी झाडांखालचा पाचोळा झाडून काढायचा आणि तान्हूबाई तो बांधावर जाळायची. खाली सांडलेलं उचलून खावं, इतकी बाग स्वच्छ.

एका पावसाळ्यात कडेच्या झाडाची पानं पिवळी पडून लोंबू लागली. तान्हूबाईने माती उकरली, तर पांढरी मुळं काळी पडून कुजलेली.

"घाणीनेच रोग येतो," खराटा म्हणाला. "उद्यापासून दोनदा झाडू."

"नको रे," झाड क्षीण आवाजात म्हणालं. "कूज मातीत आधीपासूनच होती. पाचोळ्याखाली डोळ्यांना न दिसणारे जीव राहायचे, ते तिला माझ्या मुळांपाशी येऊ देत नव्हते. तू रोज त्यांचं घर झाडून नेलंस."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"रोज पानं टाकत होते. आणखी कसं सांगू?"

तान्हूबाई झाडाला म्हणाली, "त्याला काय बोलतंस? जाळत तर मीच होते."

खराटा म्हणाला, "बाई, माझी दोरी सोडा."

तिने दोरी सोडली. त्याच्या काड्या त्या झाडापासून शेजारच्या झाडापर्यंत पसरल्या आणि त्यांवर पाचोळा टाकला.

कडेचं झाड वाचलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तान्हूबाईने पाचोळा हलकेच बाजूला केला. काड्यांची माती होत आली होती, आणि शेजारच्या झाडाची पांढरी मुळं तिच्यात वर आली होती.

तिने पाचोळा पुन्हा होता तसा पांघरला.