अनंताला आत घ्यायचं नाही

एका गावातल्या शाळेत भागुजी नावाचा एक भोळा शिपाई होता. तो घंटा द्यायचा आणि उरलेला वेळ गणिताच्या वर्गाबाहेर बसून ऐकायचा. आत सरोदेबाई शिकवायच्या, "अमक्यापासून तमक्यापर्यंतचे आकडे कंसात लिहिताना चौकोनी कंस असला की टोकाचा आकडा आत. गोल कंस असला की टोकाचा आकडा बाहेर." भागुजीला हे फार पटलं.

एकदा हेडमास्तर म्हणाले, "दोन नंबरपासून सहा नंबरपर्यंत खोल्या झाडून काढ."

"कंस कुठला, सर?"

"गोल गोल बोलू नकोस. झाड."

गोल म्हटल्यावर भागुजीने तीन, चार आणि पाच झाडल्या.

"टोकाच्या खोल्या काय मी झाडू?" हेडमास्तर चिडले. "यापुढे दोन्ही टोकं धरायची."

"धरतो, सर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंब्यापासून विहिरीपर्यंतचं गवत कापायला सांगितलं. भागुजीने गवत कापलं. मग आंबा कापला. विहीर काही कापता येईना, म्हणून ती बुजवायला घेतली.

हेडमास्तर आले आणि आंब्याच्या खोडावर बसून राहिले. तिथूनच त्यांनी भागुजीला बाईंकडे पाठवलं.

बाई म्हणाल्या, "अरे, टोक धरायचं की सोडायचं, हे दर वेळी विचारायचं. फक्त अनंताचं विचारायला नको. त्याच्या बाजूला कायम गोल कंस. बाकी सगळे आत, अनंत बाहेर."

"कुणी सांगितलं तरी?"

"कुणीही सांगितलं तरी."

पुढच्या महिन्यात शाळेच्याच हॉलमध्ये हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. दारावर भागुजी होता. वऱ्हाड आलं. करवल्या, मामा, सनईवाले, दोनशे माणसं त्याने हात जोडून आत घेतली. मागे राहिला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. आतून त्याच्या आईने हाक मारली, "अनंता, चल लवकर."

भागुजीने दार ओढलं, कुलूप घातलं, आणि कुणी चुकून उघडू नये म्हणून किल्ली गटारात टाकली.

"अहो, माझं लग्न आहे," नवरदेव म्हणाला.

"असेल. पण तुम्ही अनंत आहात."

आतून हेडमास्तर दार बडवू लागले. "भागुजी, त्याला आत घे."

"कुणीही सांगितलं तरी नाही, सर."

मुहूर्त टळायला आला. शेवटी भटजींनी खिडकीच्या गजांपाशी अंतरपाट धरला. नवरी आत उभी राहिली, नवरदेव बाहेर खुर्चीवर चढला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या.

भागुजीने शेजारच्या खिडकीतून सरोदेबाईंना गाठलं. "बाई, मुलगी आत, दोनशे माणसं आत, अनंत बाहेर. बरोबर आलं ना?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. गणित अगदी बरोबर होतं.