दीड दिवसाचं काम

फार पूर्वी डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक मोठं तळं. तळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यातून ओढ्याला निघून जायचं. दर उन्हाळ्यात गाळ आणि झुडपं काढून हा सांडवा मोकळा ठेवायला गावानं एक राखणदार नेमला होता.

राखणदार मनानं चांगला, फक्त अंगानं जड. त्या वर्षी उन्हाळा लागला तेव्हा तो म्हणाला, "अजून खूप दिवस आहेत." मग लग्नसराई आली, मग आंबे आले. आंबे संपले तोवर आभाळ भरून आलं होतं. "एक वर्ष नाही काढला तर काय आभाळ कोसळतंय?" असं म्हणून त्यानं विळा आढ्याला खोचून ठेवला.

आणि आभाळच कोसळलं. श्रावणात पावसानं सात दिवस उसंत दिली नाही. सांडवा तुंबलेला, तळं काठोकाठ. भर दुपारी गावाच्या बाजूचा बांध पाझरू लागला. तो फुटला असता तर शंभर घरं गेली असती. दुसऱ्या बाजूला कुंभारांची चार घरं होती. राखणदार कुंभारवाड्यात धावत गेला, "निघा, निघा! बाहेर पडा!" म्हणून ओरडला आणि परत येऊन त्यानं त्या बाजूचा बांध कुदळीनं फोडला.

गाव वाचलं. कुंभारवाडा वाहून गेला. तीन घरांतली माणसं वेळेवर निघाली होती. चौथ्या घरात एक पांगळा म्हातारा होता. त्याची लेक बाजाराला गेली होती. त्याला उचलायला कुणीच नव्हतं.

राखणदाराला पंचांपुढे उभं केलं. तो हात जोडून म्हणाला, "इलाजच नव्हता, मायबाप. चार घरं बघू की शंभर?"

"खरं आहे! यानं आम्हाला जीवदान दिलं," गावकरी म्हणाले. पंचांनीही माना डोलावल्या.

तेवढ्यात म्हाताऱ्याची लेक उठली. "दादा, एवढंच सांग. सांडवा असताना पाणी बांधाला का भिडलं?"



पंच स्वतः सांडव्यावर गेले. तिथं पुरुषभर निरगुडी माजली होती. थोरले पंच म्हणाले, "बांध फोडल्याची तुला शिक्षा नाही. त्या दुपारी कुणीही तेच केलं असतं. पण ती दुपार तू आणलीस. त्यासाठी तू हे गाव सोडायचं."

"जाण्याआधी तेवढं काम करू द्या," राखणदार म्हणाला.

उजाडताच त्यानं विळा-फावडं घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सांडवा मोकळा झाला. तळ्यात मात्र आता पाणीच उरलं नव्हतं.

म्हाताऱ्याची लेक काठावर उभी होती. "दीडच दिवस लागला?"

"दीडच दिवस, बाई," तो म्हणाला आणि तिथंच बसून रडू लागला.

तात्पर्य: नाइलाज कितीही खरा असला, तरी तो आपणच ओढवून आणला असेल तर त्याच्याआड लपता येत नाही.