रोहणेच्या घरचा खांब

पूर्वी वेतसपूर नगरावर धृतवर्मा राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका सुताराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव स्थिरक. वयात आल्यावर तो घरे बांधू लागला, आणि त्याच्या हाताला असे यश आले की काही वर्षांतच पाचशे सुतार त्याच्याकडे कामाला राहिले. नदीने वरच्या अरण्यातून लाकूड खाली आणायचे, ते सावलीत वाळवायचे, आणि नगरात नवी घरे उभारायची, असा त्याचा व्यवसाय होता. पण त्याची खरी ख्याती जुन्या घरांसाठी होती. कुटुंब वाढले, घर अपुरे पडू लागले की लोक स्थिरकाला बोलवीत, आणि तो जुन्या घरावर नवी माडी चढवून देई.

अशा कामात त्याचा एक नियम होता. माडीचा भार जुन्या खांबांवर येणार, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी तो स्वतः घरात जाई, प्रत्येक खांबाच्या बुंध्याचा गिलावा काढी, लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीने खांबावर ठोके मारी आणि कान लावून आवाज ऐके. आवाज पोकळ आला की तो खांब बदलल्याशिवाय पुढचे काम होत नसे. लोक म्हणत, "स्थिरकाने खांब वाजवला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही."

मग कामे फार झाली. एकाच वेळी नगराच्या चार टोकांना चार घरे चालू असत. स्थिरक सकाळी एका घरी उभा राही, दुपारी दुसऱ्या. हळूहळू तो उंबऱ्यातूनच आत नजर टाकू लागला. खांब सरळ दिसला की "चालेल" म्हणे आणि पुढे जाई. त्याचा मुख्य कारागीर कलंद हे शब्द ऐकून काम सुरू करी. आचार्यांनी पाहिले आहे, असेच तो समजत असे. अशी दोन वर्षे गेली. काही बिघडले नाही, त्यामुळे स्थिरकाला त्यात काही वावगेही वाटेनासे झाले.

त्याच नगरात रोहणा नावाची एक विधवा विणकरीण होती. ती आणि तिचा वृद्ध सासरा पिंगल, दोघे मागावर बसून उत्तम वस्त्रे विणीत. वरच्या मजल्यावर आणखी दोन माग बसवावेत, या विचाराने तिने स्थिरकाला माडीसाठी बोलावले. तो आला त्या दिवशी राजवाड्यातून त्याला निरोप होता. नव्या सभामंडपाची जागा दाखवण्यासाठी राजा स्वतः थांबला होता. स्थिरक रोहणेच्या दारात उभा राहिला. आत रंगाच्या कढया होत्या, सूत वाळत होते, आणि मधला खांब नुकताच चुन्याने सारवलेला, पांढरा स्वच्छ दिसत होता.

"आत या ना दादा," रोहणा म्हणाली. "खांब वाजवून बघता ना तुम्ही?"

"इथूनच दिसतो आहे, बाई. चालेल," असे म्हणून तो निघाला.

माडी झाली. सुबक झाली. पाच महिन्यांनी एके दिवशी दुपारी मधला खांब बुंध्याशी मोडला आणि अर्धी माडी खाली आली. रोहणा तेव्हा सूत आणायला बाजारात गेली होती. पिंगल मागावर बसला होता. लोकांनी तुळई उचलून त्याला बाहेर काढले. जीव वाचला, पण कंबरेपासून उजवा पाय असा चिरडला होता की मागावर बसणे त्याला पुन्हा कधी शक्य होणार नव्हते.

स्थिरक धावत आला. त्याने मोडलेला बुंधा हातात घेतला. लाकूड कोरडे होते, आणि आत वाळवीने केलेल्या वाटाच वाटा होत्या. बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. ही कीड काही वर्षांची होती. वाकसाचा एक ठोका पडला असता तरी कळले असते.

कलंदनेही तो बुंधा पाहिला. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आचार्य, या बाईच्या रंगाच्या कढया याच खांबाशी असायच्या. ते पाणी सांडून लाकूड कुजले, असे लोकांना सांगतो. पाचशे माणसांची पोटे तुमच्या नावावर चालतात. नाव गेले तर सगळेच गेले."

स्थिरक काही बोलला नाही. त्याने होय म्हटले नाही, आणि नाहीही म्हटले नाही. बुंधा खाली ठेवून तो वैद्याला आणायला गेला.

कलंदने सांगितलेली गोष्ट गावभर झाली. लोकांना ती पटली, कारण स्थिरकाच्या कामात दोष असेल ही कल्पनाच कुणाला शिवत नव्हती. तीन महिने गेले. राजाचा सभामंडप पूर्ण झाला, आणि स्थिरकाला राजस्थपती हे पद देण्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सकाळी रोहणा त्याच्या कामाच्या जागी आली. तिच्या हातात घडी केलेले एक पांढरे वस्त्र होते.

ती म्हणाली, "दादा, उद्या तुमचा मान आहे, तेव्हा हे नेसा. मी विणले आहे. आणि मला क्षमा करा. माझ्या रंगाच्या पाण्याने खांब कुजला आणि तुमच्या कामाला बोल लागला. मामंजींचा पाय गेला तोही माझ्यामुळेच. कढई तिथून हलवावी, एवढे साधे मला सुचले नाही."

तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. स्थिरक मागे सरकलासुद्धा नाही. आजूबाजूचे सुतार पाहत होते, कलंद पाहत होता. वस्त्र एका फळीवर ठेवून ती निघून गेली.

त्या दिवशी स्थिरकाने हत्यार हाती धरले नाही. कुणी काही विचारायला आले की त्याला वाटे, याला ठाऊक आहे. कलंदखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते, आणि हेच त्याला सहन होत नव्हते. ज्याचे घर पडले त्याने येऊन पाया पडावे आणि ज्याने पाडले त्याने ते उभ्याने घ्यावे! आपल्या पायांकडे पाहणेही त्याला नकोसे झाले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. राजाने पदाची मुद्रिका पुढे केली तेव्हा स्थिरक हात जोडून म्हणाला, "महाराज, ही मला घेता येणार नाही. विणकरीण रोहणेच्या घरचा खांब वाळवीने पोखरलेला होता. तिच्या रंगाच्या पाण्याचा त्यात काही दोष नाही. मी तो वाजवून पाहायला हवा होता. पण मी दारातूनच परतलो, कारण मला आपल्याकडे यायची घाई होती. आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प राहिलो."

राजा म्हणाला, "हे तुला कुणी विचारले नव्हते. आजच का सांगतोस?"

"महाराज, मला लाज वाटते."

"एवढेच?"

"एवढेच नाही," स्थिरक मान खाली घालून म्हणाला. "गेल्या तीन वर्षांत आणखी अठरा घरांत मी असाच दारातून परतलो आहे. त्या घरांत माणसे झोपतात."

राजाने मुद्रिका परत घेतली. "आधी ती अठरा घरे बघ," तो म्हणाला. "पदाचे नंतर पाहू."

तिथून स्थिरक थेट रोहणेच्या घरी गेला. बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. रोहणा दारात उभी होती. तिने त्याला आत बोलावले नाही.

"तीन महिने," ती म्हणाली, "मामंजींचा पाय चोळताना रोज मी स्वतःला दोष देत होते. ते जेवले नाहीत तर मीही जेवत नव्हते. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते?"

"ठाऊक होते."

"काल मी तुमच्या पाया पडले तेव्हाही?"

"तेव्हाही."

आतून पिंगलचा आवाज आला, "सूनबाई, तुझा दोष नव्हता हे त्याने चारचौघांत सांगितले ना? मग त्याला येऊ दे. माझा पाय आता कुणी आणून देणार नाही."

रोहणा दारातून बाजूला झाली. "माग ठेवायला खालीच एक खोली बांधा," ती म्हणाली. "माडी नको. आणि खांब लावाल तेव्हा मला हाक मारा. तो मी वाजवून बघणार."

"बघा, बाई," स्थिरक म्हणाला. ती खोली त्याने स्वतःच्या हातांनी बांधली, आणि रोहणेने खरोखरच प्रत्येक खांब वाजवून पाहिला.

मग तो त्या अठरा घरांकडे वळला. ते काम त्याला वाटले होते त्याहून कठीण निघाले. एका व्यापाऱ्याने दारच लावून घेतले. तो आतून ओरडला, "माझी माडी स्थिरकाची, असे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो. आता भिंती उकरून लोकांना हसायला लावू?" स्थिरक त्याच्या दारात सलग पाच दिवस जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याने दार उघडले. त्याचे खांब धडधाकट निघाले, आणि मग तर तो अधिकच रागावला. दरम्यान नवी कामे येणे बंद झाले. तीनशे सुतार दुसऱ्या गावी गेले. कलंदही निघून गेला.

सोळाव्या घरी एक कुंभार राहत होता. कोपऱ्यातल्या खांबाशी त्याच्या दोन मुली बाहुल्या मांडून बसल्या होत्या. स्थिरकाने त्यांना उठवले, गिलावा काढला आणि ठोका मारला. आवाज रिकाम्या मडक्यासारखा आला. सळई टोचली तर मुठीपर्यंत आत गेली. वरची तुळई एका बाजूला झुकू लागली होती. स्थिरकाने सगळ्यांना बाहेर काढले. टेकू द्यायला खूप हात हवे होते आणि त्याच्याबरोबर तर चारच माणसे होती. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केला. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी कलंद दिसला. तो आपल्या सोबतच्या सुतारांसह सामान न्यायला नगरात आला होता. त्या वीसेक जणांना घेऊन तो धावत आला, आणि संध्याकाळच्या आत नवा खांब उभा राहिला. कुणाला खरचटलेसुद्धा नाही.

कुंभाराच्या बायकोने आभार मानले नाहीत. मुलींना जवळ घेऊन ती एवढेच म्हणाली, "दोन वर्षे आम्ही याच्याखाली झोपलो." स्थिरकाने मान खाली घातली.

परत जाताना कलंद म्हणाला, "आचार्य, मी तुमच्यावर रागावून गेलो, ते तुम्ही मला भर सभेत खोटे पाडले म्हणून नव्हे. त्या बाईवर आळ घातला तेव्हा तुम्ही समोर होता. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला त्यात काही वावगे वाटलेच नाही. तुम्ही एक शब्द बोलायला हवा होता."

"हो," स्थिरक म्हणाला. "तुझ्या खोट्यात माझाही वाटा आहे."

कलंद त्याच्याकडे परत आला, आणि उरलेली दोन घरेही त्यांनी तपासली. हळूहळू कामेही आली, पण जितक्या घरांत आपल्याला स्वतः जाता येईल तितकीच कामे स्थिरक घेई. राजाने पुन्हा पद देऊ केले तेव्हा त्याने ते कलंदला द्यायला सांगितले. नवा सुतार कामावर आला की पहिल्या दिवशी स्थिरक त्याला रोहणेच्या घराची हकीकत स्वतः सांगे, काही न लपवता. सांगताना दर वेळी त्याचा चेहरा उतरे. म्हातारपणीही ते कमी झाले नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, ती उत्तरक नावाच्या भिक्षूसाठी. त्याच्या हयगयीने एका आजारी भिक्षूला इजा झाली होती, आणि लाजेने तो सभेत येत नव्हता. इतर भिक्षू त्याला हसत होते. शास्त्यांनी त्याला बोलावून जवळ बसवले आणि कथा संपल्यावर ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची रोहणा म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी वत्सला. पिंगल म्हणजे वृद्ध भिक्षू सोमक. राजा धृतवर्मा म्हणजे हा विहार देणारा गृहस्थ. कलंद म्हणजे हा उत्तरक. तेव्हा माझ्या गप्प राहण्याने तो चुकला होता. आणि दारातून परतलेला तो सुतार मी होतो."

हसणारे भिक्षू गप्प झाले. उत्तरकाने प्रथमच मान वर केली.

शास्ते पुढे म्हणाले, "स्वतःच्या चुकीची लाज वाटणे आणि त्या लाजेला घेऊन ज्याचे बिघडवले त्याच्या दारी जाणे, याला ह्री म्हणतात. त्या जन्मात मी फार काही साधले नाही. ह्री तेवढी साधली."