माशांचं विरजण

एका गावात एक कल्हईवाला राहायचा, आणि त्याच्यामुळे त्या गावात कुणी आरसा म्हणून घेत नसे. बायका कुंकू लावायच्या ते त्याने कल्हई केलेल्या परातीत बघून, आणि पुरुष मिशा कोरायचे ते पातेल्यात डोकावून. पातेल्यात नाक जरा फुगीर दिसायचं. पण गावातल्या बऱ्याच जणांचं ते मुळातच तसं होतं, म्हणून तक्रार नव्हती.

कल्हईवाल्याचं सगळं शहाणपण एका शब्दात मावायचं: कळकलं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते हिरवट, कडवट होतं, म्हणजे कळकतं. मग भांडं घासायचं, तापवायचं, पुसायचं. चकाकलं की विष गेलं. जगातलं प्रत्येक दुखणं असंच असतं अशी त्याची समजूत. वैद्यबुवांचं पोट बिघडलं, कळकलं असेल. गुरुजींची कविता बिघडली, कळकली असेल. हे दुसरं बहुधा खरं होतं.

त्याला एकच मुलगी. तिच्याकडे काचेची टाकी होती. तळाशी वाळू, कोपऱ्यात बुडबुडे काढणारा पंप, पंपाला स्पंज, आणि पाण्यात सहा सोनेरी मासे. त्यातल्या सगळ्यांत जुन्या मासोळीच्या कपाळावर काळा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. मुलीने पाण्यात बोट बुडवलं की टिकली कुठूनही यायची आणि बोटाला तोंड लावून थांबायची. दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे ती ढुंकूनही बघत नसे.

मुलीचं लग्न झालं. सासर नदीपलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. निघताना ती आईच्या गळ्यात पडून रडली आणि बापाला म्हणाली, "बाबा, तिकडे जागा झाली की दिवाळीला येऊन टिकलीला नेईन. तोवर जपा. आणि फार धुऊ नका."

बाप डोळे पुसता पुसता हसला. "अगं, कल्हईवाल्याला धुणं शिकवतेस?"

आठ दिवस त्याने टाकीकडे लेकीची आठवण म्हणून पाहिलं. नवव्या दिवशी धंद्याच्या नजरेने पाहिलं आणि घोटाळा झाला. काचेवर हिरवट झाक, वाळूवर तपकिरी साय, स्पंज तर शेंबड्या पोराच्या बाहीसारखा चिकट. कल्हईवाल्याने बाह्या सरसावल्या. मासे बादलीत काढले, सगळं पाणी मोरीत ओतलं, वाळू उकळत्या पाण्यातून काढली, स्पंज गरम पाण्यात पिळून पिळून कापसासारखा पांढरा केला. विहिरीचं ताजं पाणी भरलं. गाव बघायला आलं. टाकीत पाणी आहे की नाही तेच कळेना, इतकं नितळ.

तिसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, त्यांचे पर अंगाला चिकटले. एक मासा पाठीवर तरंगला.

"पाणी कळकलं," कल्हईवाला म्हणाला, आणि त्याने पुन्हा सगळं घासलं.

पाणी पुन्हा लखलखलं. पुन्हा तिसऱ्या दिवशी धुरकटलं. एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, दुसऱ्याची शेपटी झडली. आता गावात अक्कल फुकट मिळते, ती सगळी त्याच्या दारात आली. वैद्यबुवांनी हळद टाकायला सांगितली. गुरुजींनी टाकीची दिशा बदलायला सांगितली. न्हाव्याने तर माशांना हवापालटाला पाठवा म्हणून सांगितलं आणि स्वतःच खो खो हसला. बाजारातून निळं औषध आलं, पाणी निळं झालं, मासा मेलाच. प्रत्येक उपायानंतर कल्हईवाला टाकी घासायचा. गणपती आले नि गेले, तोवर सहाचे दोन उरले. एक साधा मासा, आणि टिकली. टिकलीही आता तळाशी तिरकी पडून असायची.

एकदा गावातली ताकवाली म्हातारी आपला हंडा कल्हईला घेऊन आली. कल्हईवाला ओट्यावर बसून स्पंज चोळत होता.

"काय रे लेका," म्हातारी म्हणाली, "विरजणाचं भांडं धुऊन काढतोस?"

"विरजण कसलं, आजी? घाण आहे ही."

म्हातारीने त्याच्या बायकोला हाक मारली. "अगं ए, दही कशाने लावतेस?"

"कालच्या दह्याने. दुसरं कशाने लावणार?"

"आणि ह्याने तुझं कालचं दही रोज घासून मोरीत घातलं तर?"

"तर दूध नासेल, आणि मी ह्यांना जेवायला वाढणार नाही," बायको म्हणाली.

"मग ऐक," म्हातारी ओट्यावर टेकली. "मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच हगतात. त्यांना तुझ्यासारखं लोटा घेऊन ओढ्यावर जाता येत नाही. ती घाण पचवतो तो हा चिकट थर. तोच तुझ्या पाण्याचं विरजण. तू दर खेपेला तोच धुतोस, मग घाण पचवणार कोण? माझ्या म्हशींच्या दगडी डोणीत नऊ वर्षं मासे आहेत. एकदाही घासली नाही."

"तुझं घरही एकदाही घासलेलं नाही, आजी."

"नाही ना. पण मासे जिवंत आहेत."

म्हातारीने सांगितलं ते थोडकंच होतं. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. आठ दिवसांनी दोन तांबे पाणी काढायचं आणि रात्रभर ठेवलेलं दोन तांबे घालायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच एकदा पिळायचा, बस. "पाणी आधी पांढरं होईल, मग आपोआप निवळेल. तोवर तुझे हात शिवशिवतील. ते पाठीमागे बांधून ठेव."

त्याने खरंच ठेवले. पाणी गढूळ झालं तेव्हा तो टाकीकडे पाठ करून जेवायचा. वीस दिवस गेले, आणि एका सकाळी पाणी निवळलं. परातीसारखं लखलखीत नाही, फिक्या चहासारखी झाक होती, काचेवर हिरवी साय होती. पण टिकली सरळ पोहत होती. कल्हईवाल्याने सहज बोट बुडवलं. ती आली. जरा थांबली, विचार केल्यासारखी. मग तिने त्या काळ्या, राखेने चिरलेल्या बोटाला तोंड लावलं.

कल्हईवाला बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. पाठ धरली, पण बोट काढलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला: परवा येते, सोबत सासूबाईही आहेत.

घरोघर साफसफाई चालली होती. न्हावी दारावरून जाताना आत डोकावला. "काय हो कल्हईवाले, विहीणबाई विचारतील, ही टाकी की डबकं? गावाला चकाकी वाटणाऱ्याच्या घरात शेवाळ." तो आपला गमतीने बोलून गेला आणि पुढच्या दाढीला लागला. आपण सगळे असंच बोलून जातो. पण कल्हईवाल्याच्या कानात ते दिवसभर वाजत राहिलं.

संध्याकाळी त्याने बाह्या सरसावल्या.

"अहो, आजींनी काय सांगितलंय?" बायको म्हणाली.

"अगं, पाणी बिघडतं ते तिसऱ्या दिवशी. त्या येणार परवा. विहीणबाईंनी एकदा नितळ पाणी पाहिलं की झालं. मग पुन्हा हात लावणार नाही, तुझी शपथ."

"माझी कशाला घेता, माशांची घ्या," ती म्हणाली, आणि आत गेली.

हिशेब तसा हुशारीचा होता. पण नदीला पाणी होतं आणि नाव दोन दिवस उशिरा सुटली.

लेक आली तेव्हा चौथा दिवस होता. मरतुकडा साधा मासा आदल्या दिवशी गेला होता, आणि टिकली त्याच पहाटे. कल्हईवाल्याने तिला तुळशीपाशी पुरलं होतं. मग त्याला पांढुरकं पाणी बघवेना, म्हणून त्याने टाकी शेवटची घासली होती. सवयच ती.

लेकीने पिशवी खाली ठेवली आणि थेट टाकीशी गेली. बोट बुडवलं. बोट तसंच ठेवून ती वाट बघत राहिली. काच इतकी लखलखीत होती की तिला तीत स्वतःचाच चेहरा दिसला.

कल्हईवाला काही बोलायला गेला, पण त्याचा तो एकुलता एक शब्द आज तोंडातून फुटेना.

"किती स्वच्छ ठेवलीत, बाबा," ती हळूच म्हणाली.

रागावली असती तर बरं झालं असतं.

विहीणबाई भोळ्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन त्या कौतुकाने म्हणाल्या, "आमच्याकडे हिने दोन महिने टाकी भरून ठेवलीय. नुसती हिरवी झालीय. मी पुसायला गेले तर हात धरते माझा. म्हणते, टिकलीसाठी आहे, तिला लागतं हे."

कल्हईवाला खाली मान घालून बसला. समोर त्याचीच परात होती. तीत स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून त्याने ती पालथी घातली.

पाडव्यानंतर पाहुणे निघाले, तेव्हा त्याने विहीणबाईंकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाला, "तुमच्या टाकीतला स्पंज पिळून तेवढं बाटलीभर पाणी पाठवा. विरजणाला."

विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. बाटली आली. ताकवालीने डोणीतले चार मासे दिले. टाकी हिरवट झाली, मासे कधी आजारी पडले नाहीत, आणि न्हावी चिडवायचा तेव्हा कल्हईवाला नुसता हसायचा.

फक्त रोज सकाळी कामाला बसण्याआधी तो टाकीत एक बोट बुडवून उभा राहायचा. मासे सुखाने पोहत असायचे. बोटाकडे कुणी येत नसे.

तात्पर्य, आता बाळांनो तुम्ही ऐका आणि मोठ्यांना सांगा: जे जगवायचं असतं, ते चकाकवायला जाऊ नये. आणि चारचौघांना दाखवण्यासाठी तर मुळीच नाही.