खळदकरांची नटवी जीप

डोंगरावर डांबर पोचायच्या आधीची गोष्ट. खळदकरांकडे एक म्हातारी जीप होती. दर रविवारी ते तिला काहीतरी नवं लावत. कधी टपावर आठ दिवे, कधी पुढे लोखंडी बंपर, कधी रुंद टायर.

“मालक, क्लच झिजलाय हो,” जीप कण्हायची.

“अगं, क्लच फोटोत दिसतो का?” खळदकर म्हणायचे.

एका रविवारी मित्रांना दाखवायला त्यांनी तिला खिंडीच्या कच्च्या चढावर घातलं. अर्ध्यावर जळका वास सुटला. इंजिन नुसतंच गरजत राहिलं आणि जीप दरीकडे घसरू लागली. मित्रांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले, म्हणून वाचली.

शेवटी नांगराचे दोन रेडे आणून तिला ओढावं लागलं.

“म्हातारे, दमलीस का गं?” एका रेड्याने विचारलं.

“दमले नाही रे, नटले!”

पुढच्या रविवारी खळदकर हत्यारांची पेटी घेऊन आले. आता तरी क्लच बदलणार, या आशेने जीप मोहरली. पेटीतून निघालं एक भलंमोठं स्टिकर. त्यांनी ते तिच्या पाठीवर चिकटवलं: ‘चढ कुठलाही असो, थांबणार नाही!’

रेड्यांना वाचता येत नाही, एवढंच तिचं नशीब.